पिल्लाला बाहेर कधी न्यावं?

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, की मुलांना कोण आनंद होतो! त्याच दिवशी गळ्यात पट्टा बांधून त्याला आळीभर मिरवायची घाई सुरू होते. पण मैत्रिणींनो, इथंच जरा थांबायला हवं. आपलं तान्हं बाळ आपण पहिल्याच महिन्यात बाजारात नेतो का? पिल्लाचंही तसंच आहे.

मुख्य धास्ती असते ती पार्वो या रोगाची. १९७८च्या सुमारास तो प्रथम लक्षात आला आणि बघता बघता जगभर पसरला. उलट्या आणि रक्ताची हगवण लागून हसतंखेळतं पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावतं. याचा विषाणू मोठा चिवट. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत पडला, की महिनोन् महिने टिकतो. आपल्या चपलांबरोबर घरातही येतो. म्हणून चपला दाराबाहेरच काढाव्यात. नुसत्या फिनेलवर विसंबू नये, लादी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसावी.

"मग एकदा लस टोचली की झालं ना?" नाही हो! गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो. कुत्रीच्या चिकातून पिल्लाला रोगाशी झुंजण्याची शक्ती मिळते. पण अंगात ती शक्ती असेतोवर लसही लागू पडत नाही. कुणाची ती आठव्या आठवड्यात ओसरते, कुणाची पार सोळाव्या. नेमकी कधी, ते वरून कळत नाही. म्हणूनच लस पुन्हा पुन्हा टोचायची.

साधारण क्रम असा:

• २ आठवड्यांपासून – डॉक्टरांच्या सल्ल्यानं जंताचं औषध.
• ६ ते ८ आठवडे – पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची पहिली लस.
• पुढं दर ३ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत – पुढचे डोस.
• ३ महिने – रेबीजची लस. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे.

शेवटच्या डोसानंतर एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच पिल्लाला रस्त्यावर, बागेत मोकळं चालवावं. म्हणजे पिल्लू सतरा-अठरा आठवड्यांचं होईतो धीर धरायचा.

पण याचा अर्थ त्याला कोंडून ठेवायचं असा नव्हे बरं का! तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे पाहिलं-ऐकलं, त्याची पिल्लाला पुढं भीती वाटत नाही. तेव्हा त्याला कडेवर घेऊन फिरवा. कुकरची शिट्टी, स्कूटरचा आवाज, येणारी-जाणारी माणसं, सगळं ओळखीचं होऊ द्या. जमिनीवर मात्र ठेवू नका.

आणि एक. पिल्लू घरचं असो की रस्त्यावरचं, मुलाला चावलं किंवा ओरखडलं, तर जखमेवर हळद, तिखट, चुना काही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीज एकदा उमटला, की त्यावर उपाय नाही.

लशीच्या तारखा दुधाच्या हिशोबाशेजारी, भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवा. दूधवाल्याचा खाडा जसा चुकत नाही, तसा डोसही चुकणार नाही.