हात धरून केलेली कुरघोडी

दोन मुलगे मैदानावर झोंबले, की घरातली मोठी माणसं म्हणतात, "खेळताहेत, खेळू द्या." दोन मुलींनी तेच केलं, तर तीच माणसं धावत येतात. मैत्रिणी म्हटलं की गळ्यात गळे, गुजगोष्टी, फार तर रुसवेफुगवे. त्यांच्यातही 'आपल्या दोघींत जास्त ताकद कुणाची?' अशी ईर्ष्या असते, हे आपल्या मनातच येत नाही.

मुलींच्या शाळेत मी बरीच वर्षं खेळ शिकवले. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावर पंजा हमखास लागायचा. एकाच डब्यातून जेवणाऱ्या दोघी, पण पंजाला बसल्या की मनगटं लाल होईपर्यंत कुणी हटायचं नाही. त्यातली एक मला म्हणाली, "बाई, मनातल्या मनात मी हिला रोज आडवी करते. पण पडली की उचलायलाही मीच जाते." दुसरी लगेच म्हणाली, "माझ्या मनात तर तूच पडतेस!"

यात वावगं काही आहे का? मनातली भांडणं बहुतेकांची चालूच असतात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या केनरिक आणि शीट्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की एखाद्याला ठार करावं असा विचार तुमच्या मनात कधी आला का? निम्म्याहून अधिक मुलांनी 'हो' म्हटलं आणि निम्म्याहून अधिक मुलींनीही. ती सगळी माणसं काही सुरे घेऊन हिंडत नव्हती. विचार येणं निराळं आणि हात उगारणं निराळं. मैत्रिणीला मनात चीतपट करणं तर त्याहून कितीतरी साधं. त्यात तिचं वाईट व्हावं असं नसतं, आपण तिच्यापेक्षा कमी नाही, एवढंच स्वतःला पटवायचं असतं.

आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक असावं. मराठवाड्यात पंचमीला लेकी माहेरी आल्या की फेर, झिम्मा, फुगड्या सुरू होतात. श्रावणातल्या मंगळागौरीला रात्र जागवली जाते. या खेळांकडे आपण हौस म्हणून बघतो. पण नीट बघा. झिम्म्यात टाळी इतकी जोरात द्यायची की तळवे झणझणले पाहिजेत. बसफुगडीत उकिडवं बसून, एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या. जिच्या मांड्या आधी भरून येतील ती हरली. सासू-सून, विहीण-विहीण, नणंद-भावजय अशी सोंगं घेऊन, कमरेवर हात ठेवून एकमेकींच्या माहेराचा उद्धार करायचा. पिंग्यात तर समोरासमोर वाकून घुमताना शब्दांचीही चढाओढ असते. 2015 च्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटात काशीबाई आणि मस्तानीला पिंगा घालताना दाखवलं, तेव्हा इतिहासाच्या अंगानं मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवू. पण पिंग्याला समोर प्रतिस्पर्धीच उभी असावी, यात खेळाच्या दृष्टीनं नवल काहीच नव्हतं.

या सगळ्यांत मला फुगडी सर्वांत शहाणी वाटते. चवडे जुळवायचे, हातांची तिढी घालून घट्ट धरायचं, मागे रेलायचं आणि गरगर फिरायचं. आता इथे प्रत्येकीचं वजन समोरचीच्या हातात असतं. जी अंगानं भारी तिला कमी झुकावं लागतं, हलकीला जास्त रेलावं लागतं. हा हिशेब कुणी शिकवत नाही, दोन फेऱ्यांत अंगालाच कळतो. वेग वाढवला की हातांवरचा ताण झपाट्यानं वाढतो. म्हणून दमवायचं असेल तर वेग वाढवायचा. पण तो ताण तिच्या एकटीवर येत नाही, तेवढाच आपल्याही खांद्यांवर येतो. शिवाय समोरचीला पाडून जिंकताच येत नाही. हात सुटला की दोघी भुईवर. जिंकायचं ते तिच्या तोंडून 'बास' वदवून. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवायची असते, इथे तिला तोलून धरावं लागतं.

फिरताना मी मुलींना समोरचीच्या टिकलीकडे बघायला सांगायची. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतला द्रव आपण थांबलो तरी लगेच थांबत नाही, म्हणून घेरी येते. भोवतालच्या भिंती पळत असताना समोरचा चेहरा तेवढा स्थिर असतो. त्यावर नजर रोवली की तोल सावरतो.

पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडांसाठी हुतूतू घेतला तशी फुगडीही घेतली. पुढे तुकोबांनीही फुगडीवर रचना केल्या. दोघांनाही परमार्थ सांगायचा होता. पण त्यासाठी बायकांचा धसमुसळा खेळ त्यांना हलका वाटला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. वारीत लुगड्याचा पदर खोचून फुगडी घालणाऱ्या साठीच्या बाया बघितल्या आहेत ना? त्यांच्या डोळ्यांतली खुन्नस बघण्यासारखी असते.

अडचण सुरू होते ती बाराव्या-तेराव्या वर्षी. 'आता मोठी झालीस' म्हणत मुलीचं मैदान सुटतं, मस्ती सुटते. ईर्ष्या काही सुटत नाही. मग अबोला येतो, तिसरीला जवळ करून पहिलीला जळवणं येतं. फिनलंडच्या लागरस्पेट्झ आणि ब्यॉर्कक्विस्ट यांनी 1988 मध्ये 11-12 वर्षांच्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा असला आडून केलेला वार मुलींमध्ये अधिक दिसला. 'बाईच बाईची वैरीण' म्हणणाऱ्यांना हे आवडेल. मात्र पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून 2008 मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा या बाबतीत मुलगे आणि मुली जवळजवळ सारखेच निघाले. फरक मोठा होता तो हातघाईत, आणि तिथे मुलगे पुढे होते. तेव्हा मुली जात्याच कुचक्या असतात, हे काही खरं नाही. उघडपणे झुंजायची वाट बंद केली की आडवाटा वापरल्या जातात, असं आपलं माझं मत.

वाटा आता थोड्या उघडल्या आहेत. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून महिलांची कुस्ती तिथे आहे. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पण प्रत्येकीला काही पदक नको असतं. पुष्कळजणींना फक्त जिवलग मैत्रिणीशी एकदा अंग मोकळं करून भिडायचं असतं.

खेळातली झोंबाझोंबी आणि खरी मारामारी यांत फरक कसा ओळखायचा, असं आया विचारतात. चेहरे बघा. खेळ असेल तर हसू असतं, ताकदवान असते ती मुद्दाम थोडं सैल सोडते, वर-खाली होण्याची पाळी बदलत राहते. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे संपल्यावर दोघी एकाच बाजूला चालू लागतात. खऱ्या भांडणात दोन दिशांना पांगतात. तेव्हा धावत सुटण्यापूर्वी मिनिटभर थांबून बघायला हरकत नाही.

आणि येत्या श्रावणात स्वतः फुगडी घालणार असाल, तर फरशी कोरडी आहे ना ते बघा, पायात काही घालू नका, काचेच्या बांगड्या उतरवून ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर बसफुगडी मुलींना द्या आणि आपण उभी फुगडी घाला. थांबताना वेग हळूहळू कमी करा, घेरी उतरेपर्यंत एकमेकींना धरून उभ्या राहा. कोण जिंकलं याचा वाद मग घालता येईल.