पाला पेटतो कुणाच्या हातून?

फाल्गुन लागला की जालना शहरात कडुनिंब-पिंपळाची पाने गळू लागतात. पहाटे रस्ता झाडणारी आमची माय-बहीण पाल्याचा ढीग लावते आणि कधी कधी तिथेच काडी ओढते. घरात धूर शिरला की सुशिक्षित मंडळी नाक दाबून म्हणतात, या लोकांना शिस्तच नाही. 'हे लोक' म्हणजे कोण, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये घनकचरा व्यवस्थापन नियम काढले. घरच्या बागेतला पालापाचोळा वेगळा साठवायचा, कचरा रस्त्यावर जाळायचा नाही, ही जबाबदारी त्यांनी घरमालकावर टाकली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याकडून ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५ हजार रुपये वसूल करण्याचा आदेश दिला. नियमांत आणखी एक गोष्ट होती. झाडलेला पाला जाळू नका, वेगळा ठेवून कचरा नेणाऱ्याच्या हवाली करा, असे स्थानिक संस्थेने सफाई कामगारांना बजावायचे होते.

बंदी योग्यच आहे. धूर आधी झाडणारीच्याच छातीत जातो.

पण हवाली करायचा कुणाच्या? पाल्यासाठी वेगळी गाडी नाही, घंटागाडीवाला ढीग उचलत नाही आणि नेमून दिलेला पट्टा संपला नाही तर मुकादम हजेरी कापायला टपलेला, अशा जागी तिने काय करावे? पोत्यात भरून डोक्यावर घरी न्यावा? कामगारांना हातमोजे, बूट, मास्क मिळतील हे पाहणे, बागेतला पाला शक्यतो बागेतच जिरवणे, हेही त्याच नियमांत स्थानिक संस्थेचे काम होते. भिंतीवर मात्र 'कचरा जाळू नका' एवढेच रंगवले जाते.

बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. झाडूवाल्याचे गाऱ्हाणे एकट्याने मांडून कुणी ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. कंत्राटी कामगारांची अवस्था आजही तीच आहे. दंडाची पावती फाडायला तो सर्वांत सोपा माणूस.

जालना नगरपरिषदेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. पाला शेणकाल्यात कुजवला की काही महिन्यांत खत होते, आणि मोसंबीच्या बागा शहराच्या वेशीपासून सुरू होतात. प्रत्येक प्रभागात खड्डा हवा, पाल्यासाठी गाडी हवी. तोवर कुणा झाडणाऱ्या ताईला नोटीस आलीच, तर कार्यकर्त्यांनी तिच्यासोबत कार्यालयात जावे आणि एकच गोष्ट लेखी मागावी : त्या दिवशी त्या रस्त्यावरचा पाला तिने कोणत्या गाडीत टाकायचा होता?