पडद्यामागची बातमी

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा छापील वृत्तान्त आपण सगळ्यांनीच वाचलेला असतो. काहींनी तर लिहिलेलाही. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचा परिचय, पारितोषिक वितरण, आभार. नाटक कोणते झाले ते एका ओळीत येते. ते उभे कसे राहिले, हे कुठेच येत नाही. सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यासारख्या वस्तीतल्या शाळेत विद्यार्थ्यांचे वार्ताहर मंडळ काढायचे तर पहिले काम हा साचा मोडण्याचे.

शालेय पत्रकारितेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयाचे काम पाहताना ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. एका वसतिगृहापुरते दैनिक, तेही हाताने लिहिलेले! पण छोट्या पत्राचे बळ यातच असते. बातमीतला माणूस आणि वाचणारा एकाच पंगतीला जेवतात, त्यामुळे खोटे फार काळ टिकत नाही. मात्र तिथे लेखणी मुख्यतः शिक्षकाची होती.

ती मुलांच्या हाती गेली शाळाशाळांच्या हस्तलिखितांत. चित्रकलेच्या सरांनी सजवलेले मुखपृष्ठ, वर्गातल्या सर्वांत सुवाच्य अक्षराच्या मुलीने उतरवून काढलेली पाने, आत कविता, कोडी, विनोद. हस्तलिखितांबद्दल मला ममत्व आहे, तरीही एक उणीव बोलून दाखवायला हवी. त्यांत मूल बहुधा स्वतःचे लिहिते. शेजारच्या बाकावरचा काय घडवतो आहे, ते पाहून लिहीत नाही. कला करणे आणि दुसऱ्याची कला होताना पाहणे, ही दोन वेगळी शिक्षणे आहेत.

हा फरक पोलंडमधल्या यानुश कोर्चाक या डॉक्टर-शिक्षकाने नेमका ओळखला होता. शालेय वर्तमानपत्रावर त्यांनी १९२१ साली पुस्तिकाच लिहिली. १९२६ मध्ये वॉर्सातल्या एका ज्यू दैनिकाची मुलांनी लिहिलेली साप्ताहिक पुरवणी त्यांनी सुरू केली. ती १९३९ च्या महायुद्धापर्यंत चालली. मुलांच्या तक्रारी, निरीक्षणे, घरच्या-शाळेच्या घडामोडी हीच तिथली बातमी होती.

आता वाकोल्याकडे येऊ. विमानतळ हाकेच्या अंतरावर. नाटकाच्या तालमीत डोक्यावरून विमान गेले की संवाद पुन्हा घ्यावा लागतो. वार्ताहराच्या वहीत पहिली नोंद हीच हवी. ‘कसं वाटलं?’ असे विचारले की ‘छान वाटलं’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘कालच्या तालमीत नव्हतं असं आज काय केलंस?’ किंवा ‘हा हात कितीदा पुसून काढलास?’ असे विचारावे. मग माणूस बोलू लागतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांची बातमी ‘इतके उत्तीर्ण’ इथेच संपते. स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांत फरक काय, हे एखाद्या सातवीतल्या मुलीने आपल्या शब्दांत समजावले तर पालकही वाचतील.

अडचण येते ती अभिप्रायाची. मैत्रिणीचे नृत्य फसले तर लिहायचे कसे? मला वाटते, दोष कृतीचा लिहावा, माणसाचा नाही. तपशील संबंधिताला दाखवून खात्री करून घ्यावी, पण मत बदलून देऊ नये. शिक्षकाने शुद्धलेखन जरूर तपासावे. नको असलेले वाक्य मात्र शुद्धलेखनाच्या नावाखाली काढू नये. हे मोठ्यांना जड जाते.

आणि सर्वांत जड बातमी रंगमंचावर नसतेच. समूहनृत्यासाठी कपडे भाड्याने आणायचे ठरते, वर्गणी निघते, आणि रोज सरावाला येणारी एखादी मुलगी अचानक येईनाशी होते. वृत्तान्तात ‘बारा विद्यार्थिनींनी नृत्य सादर केले’ असे येते. सरावाच्या पहिल्या दिवसापासून वही घेऊन बसलेल्या वार्ताहराला मात्र तेरा जणी आठवतात. तिचे नाव छापून तिला उघडे पाडायचे नसते. तेव्हा नाव न घेता वर्गणीचा आकडा लिहावा, सुरुवातीला किती जणी होत्या आणि शेवटी किती उरल्या ते लिहावे, आणि कागद पाण्याच्या नळाशेजारच्या भिंतीवर लावावा. मधल्या सुट्टीत तिथे सगळेच येतात, शिक्षकसुद्धा.