सारायेव्होचा वॉल्टर, बेलग्रेडचा बाता

मारल्या गेलेल्या तरुण क्रांतिकारकांची प्रेतं चौकात मांडून ठेवली आहेत. ज्याचं मूल असेल त्याने पुढे येऊन ओळख पटवावी, असा जर्मनांचा हुकूम आहे. घड्याळजी सेआदची मुलगी त्यांत आहे. तो पाऊल उचलतो आणि बंदुका त्याच्यावर रोखल्या जातात. तेवढ्यात गर्दीतून एक भरभक्कम देहाचा माणूस त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. मग आणखी काही जण, मग सगळी गर्दीच. शेवटी बंदुका खाली येतात.

हायरुदिन क्रवावात्स यांच्या ‘वॉल्टर सारायेव्होचं रक्षण करतो’ (1972) या चित्रपटातला हा प्रसंग. तो माणूस म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या सारायेव्होतल्या भूमिगत प्रतिकाराचा नेता वॉल्टर, आणि तो साकारणारे वेलिमिर झिवोयिनोविच सगळ्या युगोस्लाव्हियात ‘बाता’ या लाडक्या नावाने ओळखले जात. खरा वॉल्टर, व्लादिमिर पेरिच, 6 एप्रिल 1945 रोजी, सारायेव्हो मुक्त झालं त्याच दिवशी, पंचविशीत मारला गेला. पडद्यावरचा वॉल्टर मात्र चीनपर्यंत पोहोचला. तिथे करमणुकीचा दुष्काळ असलेल्या काळात या चित्रपटाने लोकांना वेड लावलं. पुढे ‘वॉल्टर’ नावाची बीअरही निघाली.

बाता यांचा जन्म 1933 चा, म्लादेनोवात्सजवळच्या कोराचित्सा गावचा. 1955 मध्ये ते पडद्यावर आले आणि पुढच्या सहा दशकांत शेकडो भूमिका केल्या. युद्धपटांतला पार्टिझन, म्हणजे नाझींशी लढणारा गनिमी सैनिक, ही त्यांची ओळख ठरली. ‘नेरेत्वाची लढाई’ (1969) या प्रचंड खर्चाच्या चित्रपटात तर यूल ब्रायनर आणि ऑर्सन वेल्स यांच्यासारख्या तालेवार मंडळींच्या जोडीला ते होते.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण अलेक्झांडर पेत्रोविच यांच्या ‘तीन’मध्ये (1965) दिसतं. एकाच माणसासमोर युद्धातले तीन मृत्यू येतात. सुरुवातीला रेल्वे स्टेशनवर एका निरपराध माणसाला संशयावरून गोळी घालतात आणि हा काही करू शकत नाही. मधल्या भागात जर्मन याच्याच मागावर असतात. शेवटी युद्ध जिंकलेल्या बाजूचा अधिकारी म्हणून तो खिडकीतून एका कैदी तरुणीकडे पाहतो. तिला ठार मारणार आहेत, हे त्याला ठाऊक आहे. संवाद जवळपास नाहीतच. रुंद, रांगड्या चेहऱ्यावर फक्त नजर बदलत जाते, आणि विजेत्याच्या अंगावर चढलेलं ओझं आपल्याला कळतं. दोन वर्षांनी ‘पिसं गोळा करणारे’मध्ये त्यांनी पिसांचा रोमा व्यापारी मिर्ता केला. पिसांच्या ढिगात बेकिम फेहमिऊ यांच्याबरोबरची चाकूची झटापट विसरता येत नाही.

1990 च्या दशकात देश फुटला. बाता सर्बियाचे नेते मिलोशेविच यांच्या समाजवादी पक्षाचे खासदार होते, 2002 मध्ये सर्बियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही उभे राहून पडले. ज्या सारायेव्होने त्यांना वॉल्टर म्हणून डोक्यावर घेतलं, ते शहर 1990 च्या दशकात सर्ब फौजांच्या वेढ्यात होतं. त्या शहरातल्या लोकांना हे किती लागलं असेल! त्यांच्या कलेवर मनापासून प्रेम करणाऱ्यालाही ही गोष्ट बाजूला सारता येत नाही.

आणि तरीही 1996 मध्ये स्रजान द्रागोयेविच यांच्या ‘सुंदर गावं सुंदर जळतात’मध्ये बोस्नियातल्या बोगद्यात अडकलेल्या सर्ब तुकडीतला जुना अधिकारी ग्वोझ्देन त्यांनीच रंगवला. युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांच्या अंत्ययात्रेसाठी शेकडो किलोमीटर पायपीट केलेला हा माणूस. ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षं पार्टिझन म्हणून पाहिलं, त्यांना त्या चेहऱ्यावर आपला मोडलेला देश दिसला. 22 मे 2016 रोजी बेलग्रेडमध्ये बाता गेले. त्यांना नव्याने पाहायचं असेल तर वॉल्टर नंतर पाहावा. आधी ‘तीन’ आणि ग्वोझ्देन लागोपाठ पाहावेत.