हरणीचे ६३ दिवस

कारवानी कुत्री गाभण आहे हे नुसत्या नजरेला कळेपर्यंत तिचे निम्मे दिवस उलटलेले असतात. जातच सडपातळ. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, अंगावर चरबीचा मागमूस नाही. लातूर जिल्ह्यात मामांच्या शेतावर हरणी नावाची कारवानी आहे. तिच्या बाळंतपणाच्या दिवसांत मी तिथे होतो. मामांनी आधी मला गोठ्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. कुत्रा लागला त्या दोन तारखांना पेनाने गोल केलेला होता. "बाकी औषधं नंतर. आधी तारीख," ते म्हणाले.

तारीख हवीच, पण ती काटेकोर नसते. कुत्रीचे दिवस साधारण ६३. लागल्याच्या दिवसापासून मोजलं तर मात्र ५८ ते ६८ मध्ये कधीही ती विते. कुत्रीचं बीज सुटल्यावर पिकायला आणखी दोन-तीन दिवस घेतं आणि नराचं वीर्य तिच्या अंगात पाच-सहा दिवस टिकू शकतं. म्हणूनच माजावरची कुत्री मोकळी सुटली तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं निघतात.

सड गुलाबी होऊन फुगले की घरचे आनंदतात, पण त्यावर भरवसा ठेवू नये. माज ओसरल्यावर कुत्रीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन गर्भ राहिला तरी आणि न राहिला तरी जवळजवळ दोन महिने वाढलेलंच असतं. त्यामुळे न लागलेल्या कुत्रीलाही दूध उतरतं. ती कोपरा उकरते, एखादी चप्पल पोटाशी घेऊन बसते. बायकांच्या गर्भचाचणीची पट्टी इथे चालत नाही, कारण ती ज्या संप्रेरकावर चालते ते कुत्रीत नसतंच.

चार आठवडे होत आले तेव्हा डॉक्टर आले. हरणीला उभी धरायला सांगून त्यांनी एक तळवा पोटाखाली घातला आणि बोटं अगदी सावकाश मागे सरकवत नेली. मध्येच थांबले. "लागल्या गाठी. सुपारीएवढ्या." मामांनी हात पुढे केला, तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. चुकीच्या दाबाने गर्भाला इजा होते. शिवाय हाताने कळण्याचे दिवस थोडेच. पाचवा आठवडा उलटला की या गाठी वाढून एकमेकींत मिसळतात आणि बोटांना वेगळ्या लागत नाहीत. सोनोग्राफीत २५व्या दिवसाच्या पुढे काळजाचे ठोके दिसतात. पिल्लं मोजायची तर ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढावा, तोवर हाडं नीट उमटलेली असतात. आम्ही उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तो काढून घेतला. सात डोकी, सात पाठीचे कणे. हा आकडा माहीत असला की शेवटचं पिल्लू आलं की नाही या शंकेत रात्र काढावी लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत लोकांचं उलटं होतं असं मला वाटतं. पहिल्या महिन्यात कौतुकाने दूध, तूप, अंडी यांचा मारा, आणि शेवटच्या पंधरवड्यात 'तिचं ती बघेल' म्हणून मोकळे. पहिले पाच आठवडे नेहमीचंच खाणं पुरतं. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हरणीने दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. तेही नेहमीचंच. खरी भूक सहाव्या आठवड्यापासून. शेवटी शेवटी ती दीडपट खात होती, पण चार वेळा थोडं थोडं, कारण भरल्या पोटात जठराला जागा उरत नाही. दूध-भाकरीवर हे दिवस निघत नाहीत. मामा उकडलेली अंडी आणि कोंबडी घालत. ते जमत नसेल तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य आईला द्यावं.

आणि कॅल्शियमची बाटली आणू नये. यावर मला जोर द्यायचा आहे, कारण प्रेमापोटी होणारं सर्वांत मोठं नुकसान हेच. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा मंदावते. व्याल्यावर दूध भरात आलं की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. कुत्री धापा टाकते, थरथरते, पाय ताठ होतात, झटके येतात. लहान जातींत हे जास्त. शिरेतून कॅल्शियम द्यायला डॉक्टर वेळेत पोचले नाहीत तर ती काही तासांत दगावते.

जंताचं औषधही डॉक्टरांना विचारूनच. आईच्या अंगात निपचित पडलेल्या जंतांच्या अळ्या शेवटच्या तीन आठवड्यांत जाग्या होऊन वारेतून पिल्लांत उतरतात. गोठ्यात ठेवलेलं गुरांचं गोचिडाचं औषध मात्र तिच्या अंगाला लावू नका.

व्यायच्या दहा दिवस आधी गोठ्याच्या शांत कोपऱ्यात लाकडी खोकं ठेवलं. आतून चारी बाजूंनी फळीपासून थोडं अंतर सोडून दांडा ठोकला, म्हणजे आई टेकली तरी पिल्लू फळीशी चिरडत नाही. मग सकाळ-संध्याकाळ ताप बघणं सुरू झालं. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात. रोज १०१च्या आसपास. एका संध्याकाळी ९८.६. मामांनी वहीत आकडा लिहिला आणि रात्रीचं अंथरूण गोठ्यातच टाकलं. ९९च्या खाली पारा उतरला की बहुधा दिवसभरात कळा सुरू होतात.

हरणीने रात्रभर कागद फाडले, थरथरली, उठली, बसली. पहाटे पाठ कमानीसारखी करून तिने जोर दिला आणि काळसर, चकाकणारी पिशवी बाहेर आली. तिने ती दातांनी फाडली, नाळ तोडली, आणि पिल्लाला एवढं जोरात चाटायला लागली की ते उलटंपालटं होत होतं. मी पुढे झालो, मामांनी हाताने अडवलं. त्या चाटण्यानेच पिल्लाचा श्वास सुरू होतो. बारीक चिरकलं ते, मग दुसरं यायच्या आत सडाला लागलं. आईने पिशवी फाडलीच नाही तरच आपण हात घालायचा, नाकातोंडावरून पडदा काढायचा आणि कोरड्या फडक्याने चोळायचं.

डॉक्टरांना फोन कधी करायचा हे मात्र पाठ असावं. जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू नाही. आत पिल्लं आहेत, पण दोन तास काहीच नाही. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव, म्हणजे वार सुटू लागली. यात सकाळची वाट पाहायची नसते.

दुपारपर्यंत सातही आली. पहिल्या दिवसाचा चीक सगळ्यांना मिळाला पाहिजे, आणि ऊब. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. मामा रोज वजन करत. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हावं. न वाढणारं पिल्लू आधी वजनकाट्यावर कळतं, डोळ्यांना नंतर.

पिल्लं मागणारे तिसऱ्या दिवसापासूनच येऊ लागतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई आहे. मागणारा कितीही जवळचा असो, तोवर त्याला नाही म्हणा.