खो मिळाला तरी न उठणारा गडी!

दोस्ता, आज आपण आधी स्वयंपाकघरात जाऊ. एक सफरचंद घे. कापायला मात्र घरातल्या मोठ्या माणसाला सांग, बरं का! आपल्याला दोनच फोडी हव्यात. बाकीचं सफरचंद तुझं!

आता अर्ध्या वाटी पाण्यात एक मोठा चमचा मध घालून छान ढवळ. एक फोड त्यात मिनिटभर बुडवून काढ. दुसरी तशीच कोरडी राहू दे. दोन्ही फोडी एका बशीत शेजारीशेजारी ठेव आणि खुशाल गृहपाठाला बस.

तासाभराने येऊन बघ. कोरडी फोड तपकिरी! मधल्या सुट्टीत डबा उघडला की दिसते ना, अगदी तशी. आणि मधात डुंबलेली फोड? ती जवळजवळ पांढरीच!

मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा बशी उचलून थेट खिडकीत नेली. उजेडात दोन्ही फोडी पुन्हा पुन्हा बघितल्या. कोरडीच्या बियांच्या खाचेजवळचा रंग तर चहासारखा झाला होता. मधाची फोड मात्र ओली, चकचकीत, जणू आत्ताच कापलेली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग प्रश्न पडला. त्या फोडीला वाचवलं कोणी?

आधी खोडी कोण काढतो ते बघू. ओळख बरं! तो आत्ता तुझ्या नाकातून आत गेला. हो, ऑक्सिजन! त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही, पण हा गडी भलता खोडकर आहे. पावसात ठेवलेल्या सायकलची साखळी गंजते, त्यात त्याचा हात. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, त्यातही त्याचाच हात. दिवाळीचा उरलेला चिवडा महिनाभराने खवट लागतो ना? तिथेही हाच!

चिवड्यातल्या तेलात जे चालतं, ते तर हुबेहूब खो-खो आहे. कल्पना कर. तेलाचे कण रांगेत शांत बसलेत. हे कण इतके बारीक, की भिंगातूनही दिसणार नाहीत. प्रत्येकात त्याहून इवले इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यांना जोडीजोडीने राहायला आवडतं. एखाद्या कणातला एक इलेक्ट्रॉन हरवला, की तो कण बेचैन होतो. धावत सुटतो. शेजाऱ्याकडून एक इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि... खो!

पहिला खाली बसला, शांत झाला. पण आता शेजारी उठला ना! तो पुढच्याला खो देतो. पुढचा त्याच्या पुढच्याला. खो, खो, खो! बघता बघता सगळी रांग उठते आणि चिवडा खवट. या धावत सुटलेल्या कणाला शास्त्रज्ञ ‘फ्री रॅडिकल’ म्हणतात. असा खो-खो आपल्या शरीरातही चालू असतो, अगदी या क्षणीसुद्धा.

आता गंमत बघ. रांगेत एक असा गडी बसवला, की ज्याला खो मिळाला तरी तो उठतच नाही! काय होईल? खेळ तिथेच थांबेल. या न उठणाऱ्या गड्याचं नाव अँटिऑक्सिडंट. नाव मोठं आहे, पण काम एवढंच.

तो उठत का नाही? त्याचाही इलेक्ट्रॉन गेलाच की! पण त्याच्या अंगात बहुतेक वेळा सहा कोनांचं एक कडं असतं. कमी पडलेली गोष्ट तो त्या कड्यात सगळीकडे वाटून घेतो. सहलीत एक पोळी कमी पडली तर सहा मित्र एकेक घास कमी खातात आणि कुणीच उपाशी राहत नाही, तसं. मधमाशीच्या पोळ्यातली घरंही सहा कोनांची असतात, हे आठवलं की मला उगीचच हसू येतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही हं!

सफरचंदातला खेळ थोडा वेगळा आहे. तिथे फळातलाच एक पदार्थ ऑक्सिजनला मदत करतो, आणि मध त्या मदतनिसाला अडवतो.

शिवाय न उठणारे गडीही मधात आहेतच! पण मधात आणखी काय काय असतं?

चल, शंभर ग्रॅम मध वेगवेगळ्या वाट्यांत काढू. मनातल्या मनात! पहिल्या वाटीत साधारण ३८ ग्रॅम फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर. दुसरीत सुमारे ३१ ग्रॅम ग्लुकोज. खेळांच्या दिवशी मैदानावर पाण्यात ढवळून देतात ना, तेच. तिसरीत सतरा-अठरा ग्रॅम पाणी. चौथीत इतर साखरा. आणि उरलं काय? जेमतेम एक-दोन ग्रॅम! चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं.

पण त्या चमच्याच्या टोकावर काय गर्दी आहे! आंबट आम्लं, खनिजं, प्रथिनं, सुगंध, आणि आपले न उठणारे गडी. मधात एकूण दोनशेच्या आसपास पदार्थ सापडतात. त्यातल्या काहींना तू रोज भेटतोस... किंवा भेटतेस! क्वेर्सेटिन नावाचा गडी कांद्यातही असतो. गॅलिक आम्ल आवळ्यातही असतं.

आणि मध आंबट असतो, माहीत आहे? खरंच! चांगलाच आंबट. पण साखर इतकी, की जिभेला पत्ताच लागत नाही.

एवढी साखर का? माशीने फुलातून आणलेला मकरंद पातळ असतो, त्यात बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पाणीच. माशी तो पोटातल्या खास पिशवीत भरून आणते. ही तिच्या जेवणाची नाही, फक्त सामान आणायची पिशवी. पोळ्यात आल्यावर तो एका माशीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातो. वाटेत त्यात माशीच्या अंगातले पाचक रस मिसळतात आणि साखरेच्या जोड्या सुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होतात. मग माशा पंखांनी वारा घालत बसतात. रात्रभर! पाणी उडून जातं आणि मध घट्ट होतो. मग वरून मेणाचं झाकण. झाली बरणी बंद!

असा मध वर्षानुवर्षं टिकतो. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की कसं पाणी सुटतं? मधात पडलेल्या जंतूंचं तसंच होतं. मध त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो, आणि बिचारे सुकून जातात.

आणि ऐक, मधात एक झोपलेला पहारेकरीही असतो! माशीच्या अंगातून आलेला एक पाचक पदार्थ. मध घट्ट असतो तोवर तो जवळजवळ निवांत. पण मधात थोडं पाणी शिरलं, की तो खडबडून जागा होतो आणि ग्लुकोजपासून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड बनवू लागतो. तेच, जे दवाखान्यात जखम धुवायला वापरतात! पाणी शिरलं म्हणजे जंतूंची सोय झाली. नेमका तेव्हाच पहारेकरी उठतो. किती हुशार व्यवस्था!

तरी एक गोष्ट अगदी लक्षात ठेव. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल, तर त्याला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही. आपल्याकडे बाळाला मध चाटवायची जुनी रीत आहे, त्यामुळे हे आजीलाही प्रेमाने सांग. मधात कधीकधी एका जंतूचे झोपलेले बीजाणू असतात. ते मोठ्या माणसाच्या पोटात सहसा काही करू शकत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या पोटात जागे होऊन त्याला फार आजारी पाडू शकतात.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. सगळे मध सारखे नसतात! महाबळेश्वरच्या बाजूचा जांभळाच्या फुलांचा मध बघ. गडद, चवीला किंचित कडसर. तिथल्याच डोंगरांवर कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. मग त्या वर्षी कारवीचा मध! तिथेच मांघर नावाचं छोटंसं गाव आहे. २०२२ साली ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. फूल बदललं की मधाचा रंग, वास आणि चव बदलते. आणि न उठणारे गडीही बदलतात!

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मे बेरेनबाउम नावाच्या कीटकशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९८ साली चौदा वेगवेगळ्या फुलांचे मध तपासले. काय दिसलं असेल? मध जितका गडद, तितके त्यात साधारणपणे अँटिऑक्सिडंट जास्त! कुट्टूच्या फुलांचा काळसर मध आणि सेज नावाच्या झुडपाचा फिकट मध, यांच्यात तर जवळपास वीस पटींचा फरक.

म्हणून रोज वाटीभर मध प्यायचा का? छे! मधात साखरच ढीगभर, आणि हे गडी चिमूटभर. त्यांच्यासाठी आवळा, जांभूळ, पेरू खा. मध चवीसाठी खा, हे माझं मत अगदी पक्कं आहे.

पण हे गडी फुलात येतात कुठून? झाडच ते बनवतं! झाडाला उन्हातून पळून सावलीत जाता येत नाही. डोक्यावर टोपी घालता येत नाही. कीड लागली तर झटकता येत नाही. मग ते आपल्या अंगातच संरक्षक तयार करतं. त्यातले थोडे मकरंदात आणि परागात उतरतात. माशी ते घरी आणते.

कधीकधी ती झाडाचा डिंकासारखा चिकट चीकही आणते. कळ्यांवरचा, खोडावरचा. त्यात मेण कालवून जे होतं, ते प्रोपोलिस. यात तर न उठणाऱ्या गड्यांची झुंबड असते! पेटीत पाळायची परदेशी मेलिफेरा माशी त्याने घराच्या फटी बुजवते. आपण खिडकीला लांबी भरतो ना, तसं. आणि पोळ्यात शिरून एखादा उंदीर मेला तर? त्याला बाहेर ओढणं माशांना शक्यच नाही. मग त्या त्याला प्रोपोलिसने लिंपून टाकतात. घाण नाही, वास नाही!

गंमत म्हणजे आपली डोंगरातली सातेरी माशी या भानगडीत सहसा पडत नाही. तिच्या पेटीत प्रोपोलिस जवळजवळ सापडतच नाही. पण इवली फुलोरी माशी झाडाच्या फांदीला पोळं बांधते तेव्हा पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकाचं चिकट कडं काढते. कशाला? मुंग्या आल्या की पाय चिकटले पाहिजेत! लक्ष्मणरेषाच की!

आता शेवटचं आणि सगळ्यात मोठं आश्चर्य. राणीमाशी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून येतात! कामकरी माशी हंगामात जेमतेम दीड महिना जगते. राणी मात्र काही वर्षं जगते आणि एका दिवसात हजाराहून जास्त अंडी घालू शकते. फरक कशाचा? जेवणाचा! सुरुवातीचे सुमारे तीन दिवस सगळ्या अळ्यांना पांढरी, दाट रॉयल जेली मिळते. दाया माशा ती आपल्या डोक्यातल्या ग्रंथींत बनवतात. नंतर कामकरी अळीच्या ताटात मध आणि पराग येतात. राणीला मात्र शेवटपर्यंत रॉयल जेलीच.

इतकी वर्षं सगळे विचारत होते, की राणीला असं काय जास्तीचं मिळतं? बेरेनबाउम यांच्या गटाने २०१५ साली उलटा प्रश्न विचारला. राणीला काय मिळत नाही?

मध आणि परागात पी-कुमॅरिक आम्ल असतं. तेही झाडाचंच, आणि तेही न उठणाऱ्या गड्यांपैकीच! रॉयल जेलीत ते नसतं. त्यांनी प्रयोगशाळेत काही अळ्यांच्या खाण्यात ते मुद्दाम मिसळलं. काय झालं माहितीय? त्यांची अंडाशयं लहान राहिली! म्हणजे अंडी तयार करणारा अवयवच नीट वाढला नाही. राणीची राणी होण्यात तिच्या ताटात जे वाढलं जात नाही, त्याचाही हात असावा.

मग हे आम्ल कामकरी माशीला वाईट का? अजिबात नाही! २०१३ साली याच गटाने दाखवलं होतं, की ते खाल्लं की माशीच्या अंगातली विषं निवळणारी यंत्रणा जोरात चालू लागते, अगदी माशांच्या पेटीतली कीड मारायला वापरतात त्या एका औषधासाठीसुद्धा. म्हणजे दिवसभर ऊन, वारा झेलत फुलाफुलावर हिंडणाऱ्या माशीला तिचं रक्षण करणारी शिदोरी तेच फूल बांधून देतं!

बशीतली ती पांढरी फोड अजून आहे ना? खाऊन टाक आता. आणि पुढच्या वेळी तीन फोडी घे. एक कोरडी, एक फिकट मधाची, एक गडद मधाची. कोणती जास्त वेळ पांढरी राहते, ते मला कळव!