सहाव्या वाढदिवसापर्यंत
पाटण तालुक्यातली एखादी आई खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात गेली, म्हणजे कायद्याच्या नजरेत अजून निर्दोषच, तर तिच्या तान्ह्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात याचं उत्तर दिलं. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. पण ते कैदी नव्हे. अन्न, औषधं, शिक्षण त्याला हक्कानं मिळायला हवं. आत जन्मलं, तरी जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव घालायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता. मला हीच तरतूद सर्वांत शहाणी वाटते. सहानंतर नातेवाईक, नाहीतर सरकारी देखरेख. तिथून आठवड्यातून किमान एकदा आईची भेट. वडील आत असतील, तर एकत्र राहण्याची सोयच नाही. उरते ती तुरुंगातली भेट.